सबप्रोसेसर बदलला की ग्राहक कंपन्यांना कधी आणि कसं कळवता?

मुठेकाठची | रविवार, संध्याकाळी ६:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

पुण्यात आमची बावीस जणांची कंपनी आहे. पगारपत्रक आणि हजेरीचं सॉफ्टवेअर बनवतो. ग्राहक सगळ्या कंपन्याच. बहुतेक इथल्या, सहा जर्मनीतल्या, दोन नेदरलँड्समधल्या. माझं मूळ काम ग्राहकांचं, पण डेटा संरक्षणाचे करारही माझ्याच टेबलावर येतात, कारण दुसरं कोणी नाही.

मार्चमध्ये आम्ही मेल पाठवणारी सेवा बदलली. पगाराची स्लिप तयार झाली की कर्मचाऱ्याला मेल जातो, तो आता वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवरून जायला लागला. आमच्या साइटवर सबप्रोसेसरांची, म्हणजे ग्राहकांची माहिती आमच्याकडून पुढे ज्या बाहेरच्या कंपन्यांकडे जाते त्यांची, यादी आहे. त्यातलं जुनं नाव मी काढलं, नवं घातलं, खालची तारीख बदलली आणि घरी गेले. माझ्या लेखी विषय संपला होता.

तीन आठवड्यांनी एका जर्मन ग्राहकाच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याचं पत्र आलं. जेमतेम चार ओळी. करारातल्या कलमाचा क्रमांक आणि एक प्रश्न: हा बदल आम्हाला कोणत्या तारखेला, कोणाकडे कळवलात?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्राचा सूर अगदी सभ्य होता, त्यामुळे जास्तच लागलं. त्या कंपनीच्या साडेतीनशे माणसांची नावं, मेल आयडी आणि पगाराच्या स्लिपा तीन आठवडे अशा कोणाच्या तरी हातून जात होत्या, ज्याचं नावसुद्धा त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

साइटवरची यादी बदलणं पुरत नाही का? किती दिवस आधी सांगायचं? कोणाला? आणि त्यांनी 'चालणार नाही' म्हटलं तर काय करायचं? जे हे काम रोज करतात त्यांनी कृपया लिहा.


कलम_तपासनीस | रविवार, रात्री ८:५५

यादी बदलणं पुरत नाही. हे आधी स्पष्ट सांगतो, कारण असं करणाऱ्या कंपन्या मी खूप पाहिल्यात आणि बहुतेकांना खरोखर वाटतं की आपण नियम पाळतोय.

जीडीपीआरचं, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचं, कलम २८(२) काढून वाचा. तुमचा ग्राहक कंट्रोलर, म्हणजे माहितीचं काय करायचं ते ठरवणारा; तुम्ही प्रोसेसर, म्हणजे त्याच्या वतीने ती हाताळणारे. ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला दुसरा प्रोसेसर घेता येत नाही. ही परवानगी दोन तऱ्हेची असते. एक, प्रत्येक नावासाठी वेगळी. दुसरी, सर्वसाधारण: 'लागेल तसे सबप्रोसेसर घ्या'. बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांच्या करारात दुसरी असते आणि तिथेच लोक निर्धास्त होतात. पण सर्वसाधारण परवानगी असली तरी, नवा जोडायचा किंवा जुना बदलायचा तुमचा जो इरादा आहे तो कळवायचा आणि हरकत घ्यायला संधी द्यायची, हे त्याच कलमात आहे. इरादा म्हणजे न घडलेली गोष्ट. घडून गेलेल्या बदलावर हरकत घेण्याला अर्थ राहत नाही.

युरोपियन डेटा संरक्षण मंडळाच्या ०७/२०२० या मार्गदर्शक सूचना जुलै २०२१ मध्ये अंतिम झाल्या. त्यांत तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. प्रोसेसरने बदल स्वतःहून ग्राहकाच्या नजरेस आणून द्यायचा असतो. वेळोवेळी बदलणारी यादी बघायला खुली ठेवली, पण नव्या नावाकडे बोट दाखवलं नाही, तर ते पुरेसं धरत नाहीत.

२८(४) सुद्धा लक्षात असू द्या. तुमच्या आणि ग्राहकाच्या करारातली डेटा संरक्षणाची बंधनं सबप्रोसेसरवरही तशीच घालायची, आणि त्याने घोळ घातला तर ग्राहकापुढे पूर्ण जबाबदार तुम्हीच. कलम २८ मोडलं तर ८३(४) खाली दंड १ कोटी युरोपर्यंत किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत, यांतला मोठा आकडा. मात्र तुमच्या आकाराच्या कंपनीला खरा फटका दंडाआधीच बसतो, कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी.


गोदातीर | रविवार, रात्री ९:३०

प्रश्न बाळबोध वाटेल, पण नाशकात नुकतंच काम सुरू केलंय म्हणून विचारतो. सबप्रोसेसर नक्की कोणाला म्हणायचं? आम्ही टॅली वापरतो, ऑफिसात ब्रॉडबँड आहे, सर्व्हर भाड्याने घेतलाय. हे सगळेच का?


कलम_तपासनीस | रविवार, रात्री ९:५२

गोदातीर, बाळबोध अजिबात नाही. मी अशिलांना सराफाचं उदाहरण देतो. तुम्ही सोनं सराफाकडे दिलं, पाटल्या घडवायला. सराफ स्वतः घडवत नाही, मागच्या गल्लीतल्या कारागिराकडे देतो. पॉलिशला आणखी तिसऱ्याकडे. सोनं तुमचं, पावती सराफाची. कारागीर आणि पॉलिशवाला हे सबप्रोसेसर, कारण तुमचं सोनं त्यांच्या हातात जातं. सराफाच्या दुकानाचं वीजबिल घेणारी कंपनी मात्र त्यात येत नाही.

म्हणजे प्रश्न एकच विचारायचा: ग्राहकाने आपल्या हवाली केलेली, त्याच्या माणसांची माहिती या कंपनीपर्यंत पोचते का? भाड्याचा सर्व्हर, बॅकअप, मेल आणि एसएमएस पाठवणारे, तक्रारींच्या तिकिटांची प्रणाली, चुका नोंदवणारं साधन, हे बहुधा येतात. टॅलीत तुम्ही स्वतःच्या कंपनीचे हिशेब ठेवत असाल तर ती तुमची स्वतःची बाब.


राइनकाठ | रविवार, रात्री ११:४०

ड्युसेलडॉर्फहून लिहितोय. मी तुमच्या ग्राहकाच्या बाजूला बसतो. एका मध्यम आकाराच्या कंपनीत डेटा संरक्षणाचं काम करतो, म्हणजे तुम्हाला पत्र लिहिणाऱ्या माणसाच्याच जागी. (तो मी नाही.) इकडे कंट्रोलर आणि प्रोसेसरमधल्या कराराला रोजच्या बोलण्यात 'आ-फाउ-फाउ' म्हणतात.

तुमचा मेल आला की माझ्या टेबलावर काय काय होतं ते सांगतो. किती दिवस आधी कळवायचं याचं उत्तर त्यातूनच मिळेल.

पहिल्या दिवशी मी बघतो की नवी कंपनी कोणत्या देशातली, सर्व्हर कुठे, मालकी कोणाची. जर्मनीत सर्व्हर आणि अमेरिकेत मालक असेल तर काम वाढतं. जुलै २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने प्रायव्हसी शील्ड, म्हणजे युरोपातली माहिती अमेरिकेत पाठवण्याची व्यवस्था, रद्द केली तेव्हापासून हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. जुलै २०२३ मध्ये नवी व्यवस्था आली, तर आता ती कंपनी त्या यादीत आहे का ते बघायचं. नसेल तर युरोपीय आयोगाचे जून २०२१ चे प्रमाणित करार झालेत का ते विचारायचं, शिवाय माहिती तिकडे पाठवण्यातल्या धोक्याचं टिपण लिहायचं. भारताच्या बाबतीत युरोपने अजून पुरेशा संरक्षणाचा, म्हणजे तिकडे माहिती जादा कागदांशिवाय पाठवता येईल असा, निर्णय दिलेला नाही, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या पुण्याच्या ऑफिसासाठीही हे कागद लागलेच असतील.

मग आमच्या प्रक्रियांच्या नोंदवहीत बदल करायचा. सुरक्षेची कागदपत्रं आयटीकडे पाठवायची, आणि आयटी आठवड्याने उत्तर देतं.

आणि तुमचं सॉफ्टवेअर पगार-हजेरीचं आहे, म्हणून बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली परिषद. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर लक्ष ठेवता येईल अशी तांत्रिक साधनं आणताना इथल्या कायद्यानुसार तिला सहनिर्णयाचा हक्क आहे. मेल पाठवणारा बदलला म्हणून दर वेळी नवा ठराव लागतो असं नाही. पण आमच्याकडे सॉफ्टवेअरबद्दलचा जो लेखी समझोता आहे त्याच्या परिशिष्टात सबप्रोसेसरांची नावं आहेत. परिशिष्ट बदलायचं तर विषय बैठकीत घ्यावा लागतो. बैठक दोन आठवड्यांनी, विषयपत्रिका त्याच्या आठवडाभर आधी.

मोजा आता. दहा दिवसांच्या सूचनेत यातलं काय होणार? जीडीपीआरमध्ये दिवसांचा आकडा नाही, तो करारात ठरतो. मी दहा, चौदा, तीस, सगळे आकडे पाहिलेत. तीस दिवस दिले तर माझं काम धावत-पळत होतं. पगाराची माहिती असेल तर मी पंचेचाळीस मागतो.


टॅबस्पेस | सोमवार, सकाळी ८:१५

डेव्हलपरच्या बाजूने लिहितो, कारण या गोष्टीची सुरुवात बहुतेक वेळा आमच्याकडे होते आणि करार बघणाऱ्यांना पत्ताच नसतो.

दोन वर्षांपूर्वी, जुन्या नोकरीत. रात्री एक बग सापडत नव्हता. मी चुका नोंदवणाऱ्या एका सेवेचं मोफत ट्रायल खातं काढलं, कोडच्या पॅकेज फाइलमध्ये एक ओळ घातली, त्या सेवेची अ‍ॅक्सेस की टाकली, बिल्ड लावला. दहा मिनिटांचं काम. बग सापडला, सगळे खूश. ती ओळ तशीच राहिली.

चार महिन्यांनी त्या सेवेचा डॅशबोर्ड सहज उघडला. एक एरर उघडली. त्यात फॉर्मची रिक्वेस्ट जशीच्या तशी: कर्मचाऱ्याचं नाव, पॅन, बँक खात्याचा क्रमांक, आयएफएससी, मूळ वेतन. मी स्क्रीनवर खाली खाली जात राहिलो, प्रत्येक एररमध्ये एक माणूस होता. हात गार पडले.

मी कंपनीच्या वतीने एक सबप्रोसेसर नेमला होता. कोणालाही न विचारता, स्वतःलाही न कळता.

त्याच दिवशी वरिष्ठांना सांगितलं. डेटा पुसला, खातं बंद केलं, ग्राहकांना कळवलं. त्यानंतर नियम केला आणि आजच्या नोकरीतही तो मी आणलाय: कोडमध्ये बाहेरच्या सेवेचा नवा पत्ता किंवा नवी की आली, तर करार बघणाऱ्या माणसाची मंजुरी असल्याशिवाय ते मुख्य कोडमध्ये मर्ज होत नाही. ताई, तुमची डेव्हलपर मंडळी आज कुठे कुठे डेटा पाठवतायत, हे पत्राला उत्तर देण्याआधी एकदा विचारून घ्या.


मुठेकाठची | सोमवार, दुपारी १:२०

टॅबस्पेस, तुमचा प्रतिसाद वाचून सकाळी तेच केलं. आमच्या यादीत नऊ नावं आहेत. डेव्हलपरांनी फळ्यावर लिहिली ती अकरा निघाली. एक स्क्रीन रेकॉर्ड करणारं साधन, ग्राहकाला अडचण दाखवता यावी म्हणून. दुसरं, तिकिटांच्या प्रणालीत गेल्या महिन्यात आलेली 'सारांश करा' ही सोय. ती सोय आमच्या तिकीटवाल्या कंपनीचीच, पण मजकूर जातो एका एआय कंपनीकडे. तो सबप्रोसेसरचा सबप्रोसेसर झाला ना? तोही सांगायचा?


कलम_तपासनीस | सोमवार, दुपारी २:०५

हो, सांगायचा. ऑक्टोबर २०२४ च्या २२/२०२४ या अभिप्रायात युरोपियन मंडळाने लिहिलंय की साखळीतल्या सगळ्या प्रोसेसर-सबप्रोसेसरांची ओळख, म्हणजे नाव, पत्ता, संपर्काची व्यक्ती, ही कंट्रोलरला कधीही सहज मिळाली पाहिजे. ती त्याला पुरवायची तर तुम्हाला आधी माहीत हवी. तिकीटवाल्या कंपनीच्या बदलसूचना कोणत्या मेलबॉक्समध्ये येतात ते शोधा. ज्याने खातं उघडलं त्याच्या वैयक्तिक कामाच्या मेलवर येत असतील, आणि तो आता नोकरी सोडून गेला असेल.

सारांशाची सोय तूर्त बंद करा. आधी कळवा, मुदत जाऊ द्या, मग चालू करा.


बँकेतला_आयटी | सोमवार, रात्री ९:१०

सांगलीहून. नागरी सहकारी बँकेत आयटी बघतो. धागा युरोपकडे झुकलाय, पण इथल्या ग्राहकांचंही लिहितो, कारण धागाकर्तीचे बहुतेक ग्राहक इथलेच आहेत.

बँक तुमची ग्राहक असेल तर 'कळवलं' एवढ्याने भागत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेर देण्याबद्दल निर्देश काढले. तेव्हापासून आमच्यासारख्या मोठ्या नागरी बँकांच्या करारात उपकंत्राटदार नेमण्याआधी बँकेची संमती घेण्याचं कलम असतं. म्हणजे आमची सही येईपर्यंत थांबायचं. तिथे मौन म्हणजे संमती नव्हे.

मागच्या वर्षी एका पुरवठादाराने आम्हाला एसएमएसवाला बदलल्याचं कळवलं, ते दिवाळीच्या शुभेच्छांच्या मेलमध्ये. वर पणत्या, मधे नव्या सुविधा, सगळ्यात खाली एक ओळ. मेल आमच्या शाखा-व्यवस्थापकांना आला. त्यांनीही 'आपणांसही शुभेच्छा' असं उत्तर दिलं. तपासणीत ते उत्तर आम्हाला संमती म्हणून दाखवलं गेलं. ग्राहकांचे मोबाइल नंबर होते हो त्यात. मला त्याची अजून चीड येते.

एवढंच मागणं: ही सूचना वेगळ्या मेलने पाठवा, विषयात 'सबप्रोसेसर बदल' असं सरळ लिहा, आणि करारात लिहिलेल्या पत्त्यावर पाठवा.


गोदातीर | सोमवार, रात्री ९:४०

आणि बँक नसेल तर? आपल्या नव्या डीपीडीपी, म्हणजे व्यक्तिगत डेटा संरक्षणाच्या, कायद्यात काय आहे?


कलम_तपासनीस | सोमवार, रात्री १०:२०

२०२३ च्या कायद्यात जीडीपीआरच्या २८(२) सारखं, सबप्रोसेसर बदलताना कळवा असं सांगणारं कलम नाही. पण कलम ८(१) प्रमाणे, करारात काहीही लिहिलेलं असो, प्रोसेसरने केलेल्या कामाचीही जबाबदारी डेटा फिड्युशियरीची, म्हणजे तुमच्या ग्राहकाची. ८(२) प्रमाणे प्रोसेसर नेमायचा तर वैध करार हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, त्यांत या करारात सुरक्षेच्या तरतुदी असाव्यात असं आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिने दिलेत. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये, आणि तो ग्राहकाच्या नावावर येतो.

एवढी जबाबदारी डोक्यावर असलेला ग्राहक 'माझा डेटा कोणाकोणाकडे आहे' हे विचारणारच. कायदा स्पष्ट बोलत नाही म्हणून इथल्या ग्राहकाला कमी सांगायचं, हे मला पटत नाही. सांगलीच्या माणसाचा पगार ड्युसेलडॉर्फच्या माणसाच्या पगारापेक्षा कमी खाजगी नसतो.


मुठेकाठची | मंगळवार, सकाळी ११:३०

कालपासून एक नवीच गोष्ट कळली ती लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

मी ठरवलं होतं की मेल ग्राहकांना वार्तापत्राच्या साधनातूनच पाठवायचा, यादी तयारच आहे. टॅबस्पेससारख्याच आमच्या एका मुलाने विचारलं, 'ज्यांनी अनसबस्क्राइब केलंय त्यांचं काय?' बघितलं तर जर्मन सहापैकी चार ग्राहकांनी वार्तापत्र कधीच बंद केलेलं. साधन त्यांना आपोआप वगळतं. मेल 'यशस्वी' दिसला असता आणि चौघांना पोचलाच नसता. वर उरलेल्या दोघांपैकी एका पत्त्यावरची व्यक्ती नोकरी सोडून गेलेली.

आता प्रत्येक करार काढून सूचनेचा पत्ता एका तक्त्यात भरतेय. काही करारात पत्ताच नाही. तिथे फोन करून विचारतेय. मेलचा मसुदा असा केलाय, चुका दाखवा:

'विषय: सबप्रोसेसर बदलाची पूर्वसूचना. हरकतीची शेवटची तारीख १५ जून.

आपल्या आणि आमच्या डेटा प्रक्रिया कराराच्या कलम ७ प्रमाणे ही सूचना आहे. पगाराची स्लिप मेलने पाठवण्यासाठी आम्ही नवा सबप्रोसेसर नेमणार आहोत. कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव व पत्ता, सर्व्हरचा देश आणि मूळ कंपनीचा देश सोबतच्या तक्त्यात आहेत. त्यांच्याकडे जाणारी माहिती: कर्मचाऱ्याचं नाव, मेल आयडी, स्लिपची पीडीएफ. ते ही माहिती ३० दिवस ठेवतात. जुन्या सबप्रोसेसरकडची माहिती पुसल्याचं पत्र आम्ही आपल्याला पाठवू. १६ जूनपूर्वी आपली कोणतीही माहिती नव्या सबप्रोसेसरकडे जाणार नाही. प्रश्न किंवा हरकत असल्यास याच मेलला उत्तर द्या, ते थेट माझ्याकडे येतं.'

मार्चमध्ये बदल झालेला असल्यामुळे आठही युरोपीय ग्राहकांचे मेल आम्ही काल रात्री परत जुन्या सेवेवर वळवले. करार जून अखेरपर्यंत चालू आहे, हे नशीब.


राइनकाठ | मंगळवार, दुपारी ४:०५

मेल परत वळवलेत हे फार चांगलं केलंत. मी त्यांच्या जागी असतो तर या एका कृतीने निवळलो असतो.

मसुद्यात तीन गोष्टी. 'का बदलतोय' हे एका वाक्यात लिहा. कारण नसलं की परिषद पहिला प्रश्न तोच विचारते. दुसरं, हरकत घेतली तर पुढे काय, तेही लिहा. नुसतं 'हरकत कळवा' म्हटलं की मला समजत नाही की मी नाही म्हटल्यावर तुम्ही ऐकणार आहात का. तिसरं, मार्चमध्ये काय झालं ते या मेलमध्ये घुसवू नका. पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला वेगळं उत्तर द्या, तारखांसकट: कधी बदलला, किती स्लिपा गेल्या, कधी थांबवलं. आणि बाकी सात जणांनी विचारलं नसलं तरी त्यांनाही.


मुठेकाठची | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

हरकत घेतली तर खरंच काय करता येतं? आम्ही एका ग्राहकासाठी वेगळा मेलवाला ठेवू शकत नाही.


कलम_तपासनीस | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

रूढ पद्धत अशी: आधी दोघांनी बोलून मार्ग शोधायचा. तो निघाला नाही तर ग्राहकाला ती सेवा, किंवा तिचा बाधित भाग, दंडाशिवाय सोडता येतो आणि उरलेल्या मुदतीचे भरलेले पैसे परत मिळतात. पैसे परत मिळण्याचं वाक्य नसेल तर हरकतीचा हक्क नावापुरता राहतो, कारण वर्षाचे पैसे आगाऊ भरलेला ग्राहक जाणार कुठे?

पण तुमच्याकडे सोपा मार्ग दिसतोय. मेलमध्ये पीडीएफ पाठवायलाच हवी का?


टॅबस्पेस | मंगळवार, रात्री ८:१०

हेच लिहायला आलो होतो. मेलमध्ये फक्त 'तुमची स्लिप तयार आहे' आणि लॉगिनची लिंक. मग मेलवाल्याकडे नाव आणि मेल आयडी एवढंच जातं, पगाराचा आकडा नाही. हरकत घेणाऱ्या ग्राहकासाठी ही सेटिंग द्या. दोन दिवसांचं काम आहे. खरं तर सगळ्यांनाच द्या.


गोदातीर | मंगळवार, रात्री ८:३०

एक शंका. समजा सेवा देणारी कंपनी अचानक बंद पडली, आठवड्याची मुदत मिळाली. तीस दिवस कुठून आणायचे?


कलम_तपासनीस | मंगळवार, रात्री ९:००

त्यासाठी करारात आधीच तातडीच्या बदलाचं कलम ठेवतात: सेवा किंवा सुरक्षा धोक्यात असेल तर कमी मुदतीत बदलू, शक्य तितक्या लवकर कळवू, हरकतीचा हक्क कायम. हे कलम सोयीसाठी वापरायचं नाही. नवी सेवा स्वस्त पडते ही तातडी नव्हे.


मुठेकाठची | शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

उशिरा लिहितेय. बुधवारी त्या अधिकाऱ्याला तारखांसकट उत्तर पाठवलं, उरलेल्या सातांनाही. काल आठ वेगळे मेल गेले, प्रत्येक करारातल्या पत्त्यावर, प्रत्येकाची नोंद ठेवून. मुदत पंचेचाळीस दिवसांची केली, म्हणून तारीख १५ जूनऐवजी जूनच्या अखेरीकडे गेली. जुन्या सेवेचा करार एक महिना वाढवून घेतला, त्याचे पैसे मालकांनी कुरकुर न करता दिले. इथल्या ग्राहकांचे पत्ते अजून गोळा करतेय. निम्मे झाले, सोमवारपासून त्यांनाही हाच मेल जाईल. पीडीएफऐवजी लिंकची सेटिंग पुढच्या आठवड्यात येतेय, सगळ्यांसाठी.

आज दुपारी त्या अधिकाऱ्याचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत आभार. दुसऱ्या ओळीत प्रश्न: मार्चपासून गेलेल्या स्लिपा नव्या सेवेच्या सर्व्हरवरून पुसल्याचं लेखी पत्र कधी मिळेल? मी त्या कंपनीला लगेच लिहिलंय. सोमवारी परत फोन करणार आहे.